सगळेच कॉल करतात त्या टेबलावर लिमिट पोकर खेळून पैसे सुटतात का?

प्रश्न थोडक्यात असा: छोट्या लिमिटच्या होल्डेम टेबलावर (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे सामाईक पाच) सहा-सात जण फ्लॉप, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते, बघतात, समोरच्याने लावलेली रक्कम भरून (म्हणजे कॉल करून) टिकून राहतात, पत्ते टाकून डाव कोणी सोडतच नाही, आणि एक्क्यांची जोडी घेऊन बसलेला माणूस शेवटी कुणाच्या तरी सत्ती-दुर्रीच्या दोन जोड्यांपुढे हरतो. अशा ठिकाणी शिस्तीत खेळणाऱ्याला फायदा होतो का, की इतक्या गर्दीत कौशल्य चालतच नाही?

फायदा होतो, आणि लूज, म्हणजे कोणतेही पत्ते घेऊन खेळणाऱ्या, खेळाडूंमुळेच होतो. मात्र त्यातलं तुमच्या हातात किती उरेल हे त्यांच्या लूजपणापेक्षा प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) जुगारघर कापून घेतं त्या रेकवर जास्त ठरतं. हरणारे बहुतेक जण दोष देतात कॉल करणाऱ्यांना. हिशेब मांडला की कळतं, हा प्रकार चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा आहे.

आधी आकड्यांची भाषा ठरवू. खालचे सगळे आकडे चिपांमध्ये आहेत. 2/4 च्या टेबलावर फ्लॉपआधी आणि फ्लॉपवर 2 ची बेट (पैज म्हणून घालायची रक्कम) असते, टर्न आणि रिव्हरवर, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या सामाईक पत्त्यावर, 4 ची. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी घालायची सक्तीची रक्कम, 1 आणि 2. एका फेरीत एक बेट आणि तीन रेझ (बेट वाढवणं) झाले की कॅप लागते, त्यापुढे वाढवता येत नाही. 2 ला छोटी बेट म्हणायचं, 4 ला मोठी बेट. नो-लिमिटसारखा सगळा ढीग पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे इथला नफा एका मोठ्या डावात येत नाही. कुठे अर्धी बेट वाचली, कुठे एक जास्तीची मिळाली, असं थेंबे थेंबे तळं साचतं. म्हणूनच इथे एकेका बेटचा हिशेब करावा लागतो.

आता त्या एक्क्यांच्या जोडीकडे बघू, कारण सगळ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. कोणतेही दोन पत्ते घेऊन शेवटपर्यंत बसणाऱ्या एकाच माणसाविरुद्ध एक्क्यांची जोडी सुमारे 85 टक्के वेळा जिंकते. अशा चौघांविरुद्ध सुमारे 56 टक्के. नऊ जणांविरुद्ध जेमतेम 31 टक्के, म्हणजे तीनपैकी दोन डाव हरायचे. हे वाचून वाटतं, गर्दी नकोच. पण पैसे मोजा. एकाविरुद्ध प्रत्येकाने एक बेट घातली तर पॉट दोनचा, त्यातला तुमचा वाटा 1.7, म्हणजे घातलेल्या एका बेटवर नफा 0.7. चौघांविरुद्ध पॉट पाचचा, वाटा 2.8, नफा 1.8. नऊ जणांविरुद्ध पॉट दहाचा, वाटा 3.1, नफा 2.1. जिंकण्याची टक्केवारी घसरत जाते आणि नफा मात्र वाढत जातो. म्हणून एक्के, राजे, राण्या हातात असताना समोर कितीही लोक असोत, फ्लॉपआधी रेझ करायचाच. "रेझ केला तरी कोणी जात नाही, मग करून काय उपयोग?" हा प्रश्न उलटा आहे. कोणी जात नाही म्हणूनच करायचा.

हरण्याचं प्रमाण वाढलं की माणसाला आपण काहीतरी चुकतोय असं वाटू लागतं. तिथे पाय घसरतो. पुढच्या वेळी तो एक्क्यांवर नुसता कॉल करतो, टर्नवर घाबरून चेक करतो (बेट न लावता पुढे जातो), आणि जो डाव दीर्घकाळात सगळ्यात जास्त पैसे देतो त्याच डावातून निम्मे पैसे काढतो.

याच्याच पुढचा, थोडा जास्त हुशार आक्षेप असा असतो: एकेकटा कॉल करणारा चुकतो हे खरं, पण ते पाच जण मिळून एकमेकांना भाव (घालायच्या रकमेच्या किती पट पॉट मिळेल ते प्रमाण) पुरवतात, त्यामुळे चूक कोणाचीच राहत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. अँडी मॉर्टन यांच्या नावाने ओळखलं जाणारं प्रमेय हेच सांगतं, की दोनापेक्षा जास्त खेळाडू असतील तेव्हा समोरच्याने केलेल्या चुकीचा फायदा तुम्हाला न होता तिसऱ्याला होऊ शकतो. पण तो परिणाम केवढा, ते मोजायला हवं. टर्नवर तुमच्याकडे सर्वात मोठी जोडी आहे. एकाकडे फ्लशला (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांना) एक पत्ता कमी, म्हणजे 9 आउट्स (त्याचा हात जिंकवू शकणारे उरलेले पत्ते). दुसऱ्याकडे लहान जोडी, वेगळे 4 आउट्स. तिघांचे सहा आणि टेबलावरचे चार पत्ते वगळले की 42 पत्ते उरतात. तुम्ही बेट लावली, फ्लशवाल्याने कॉल केला, आणि आता चार आउट्सवाल्याने ठरवायचंय. या घडीला पॉटमध्ये 8 मोठ्या बेट्स आहेत असं धरा. तो गेला तर तुमचा वाटा 42 पैकी 33 भाग, म्हणजे 6.29 बेट्स. तो आला तर पॉट 9 चा आणि तुमचे 29 भाग, म्हणजे 6.21. त्याचा कॉल चुकीचा आहे, त्याला त्यात 0.14 बेटचा तोटा आहे, तरी तुम्हालाही 0.07 चं नुकसान होतं, कारण दोघांचंही फ्लशवाल्याकडे जातं.

नुकसान आहे, पण बेटचा चौदावा हिस्सा. हे फक्त पॉट सव्वासात ते साडेनऊ बेट्सच्या दरम्यान असतानाच घडतं. पॉट 4 बेट्सचा असेल तर त्याच माणसाच्या त्याच कॉलने तुम्हाला 0.31 बेटचा फायदा होतो, नुकसानीच्या चौपट. पॉट साडेनऊच्या वर गेला की त्याचा कॉल बरोबरच असतो आणि तक्रारीला जागा उरत नाही. म्हणजे गर्दी मिळून मारते हे खरं, पण त्या माराने कोणाचं दिवाळं निघत नाही.

मग दिवाळं कशाने निघतं? रेकने. समजा, जुगारघर दर पॉटमधून 10 टक्के आणि जास्तीत जास्त 4 कापतं, वर जॅकपॉटसाठी 1 वेगळा, आणि जिंकणारा डीलरला 1 टिप देतो. टेबलावर दहा जण, तासाला साधारण 35 डाव. निवडून खेळणारा माणूस त्यातले दोनेक पॉट जिंकतो. 2/4 वर सरासरी पॉट 30 चा धरला तर रेक 3, जॅकपॉट 1, टिप 1, असे दर पॉटला 5 आणि तासाला 10 गेले. ते अडीच मोठ्या बेट्स झाले. 4/8 वर पॉट 60 चा, पण रेक 4 वर थांबतो, म्हणून दर पॉटला 6, तासाला 12, म्हणजे दीड बेट. 8/16 वर तेच 12, पण आता ते पाऊणच बेट झाले.

यात समोरचे लोक तेच, तुमचं कौशल्य तेच. कापण्याआधी तासाला तीन बेट्स कमावणारा, आणि हे फारच चांगलं खेळणं झालं, 2/4 वर अर्धी बेट घेऊन उठतो. कापण्याआधी दोन कमावणारा त्याच टेबलावर हरतो, आणि आपण का हरतो हे त्याला कळत नाही, कारण प्रत्येक डावात तो समोरच्यापेक्षा चांगलाच खेळलेला असतो. तासाला एक मोठी बेट हा प्रत्यक्ष टेबलावरचा चांगला निकाल मानला जातो. सगळ्यात खालच्या लिमिटला तो बहुधा रेकच होऊ देत नाही. म्हणून बसण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: किती टक्के कापतात, कुठे थांबतात, आणि जॅकपॉटसाठी वेगळं किती काढतात. रेकची मर्यादा मोठ्या बेटइतकी किंवा त्याहून जास्त असेल आणि वर जॅकपॉटही असेल, तर ते टेबल शिकण्याची फी भरायला ठीक आहे, कमाईला नाही. एक पायरी वरचं टेबल तितकंच लूज असेल, तर पुरेशी रक्कम जमताच तिकडे जावं.

रेक निवडून खेळायलाही शिकवतो. तो पॉट जिंकणाऱ्याच्या खिशातून जातो, त्यामुळे लहान-लहान पॉट जिंकत राहण्यात अर्थ नाही. थोडे पण मोठे पॉट हवेत.

फ्लॉपआधी काय खेळायचं? "ते काहीही खेळतात, मग मीही थोडं सैल सोडतो" ही इथली सगळ्यात महाग चूक आहे. समोरचे निम्मे डाव खेळत असतील तरी तुम्ही पाचातला एक, म्हणजे 18 ते 22 टक्के, इतकेच खेळा. बदल हवा तो संख्येत नाही, प्रकारात. गर्दीत एकटी जोडी स्वस्त होते आणि सेट (हातातल्या जोडीला तिसरा तसाच पत्ता), स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते), मोठा फ्लश महाग होतात. म्हणून एक्का-नव्वी, राजा-गुलाम, राणी-दश्शी असे वेगळ्या रंगांचे पत्ते पहिल्या चार जागांवरून, जिथे चाल आधी करावी लागते, टाकून द्या. त्यांची जोडी जमली तरी मोठ्या किकरवाला (जोडीसोबतचा पत्ता मोठा असलेला) कोणीतरी असतोच, आणि तो लूज असल्यामुळे रेझ न करता शेवटपर्यंत शांतपणे कॉल करत राहतो, तुम्हाला सुगावाही लागत नाही. उलट एका रंगाचे एक्का-छक्की, गुलाम-दश्शी, नव्वी-अठ्ठी शेवटच्या जागांवरून, चार-पाच जण आधीच आत आलेले असताना, स्वस्तात बघण्यासारखे. दोन्ही पत्ते एका रंगाचे असले तर फ्लॉपवर त्या रंगाचे चार पत्ते जमण्याची शक्यता सुमारे 11 टक्के असते. खूप नाही. म्हणून "एका रंगाचे आहेत" एवढ्यावर राजा-तिर्री कुठूनही खेळणं चूकच, आणि सत्ती-पंजीचा फ्लश जमला तरी गर्दीत त्याहून मोठा फ्लश निघू शकतो हे लक्षात ठेवायचं.

लहान जोड्यांचा हिशेब सोपा आहे. फ्लॉपवर सेट लागण्याची शक्यता 7.5 ला 1. पाच जण आत असतील तर भाव 5 ला 1 मिळतो, उरलेलं टर्न-रिव्हरवरचे कॉल भरून काढतात. दोघेच आत असतील आणि समोरून रेझ असेल तर टाका. सेट लागला नाही तर फ्लॉपवर एकही चिप घालायची नाही. लहान ब्लाइंडमध्ये पाच कॉल झाल्यावर 1 घालून 13 जिंकायचे असतात, तिथे दोन एकरंगी किंवा लागून असलेले पत्ते घेता येतात. नव्वी-तिर्री वेगळ्या रंगांची, तीही नाही. स्वस्तात आत शिरलेला माणूस फ्लॉपवर नव्व्यांची जोडी बघून चार बेट्स घालवतो.

रेझ कशावर? एक्के ते दश्श्यांपर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकरंगी एक्का-गुलाम, राजा-राणी. हे दाबून ठेवायचे नाहीत.

एक डाव जवळून बघू. तुम्ही डीलरच्या जागेवर (फ्लॉपपासून पुढे इथली चाल सगळ्यात शेवटी येते), हातात किलवर एक्का आणि किलवर अठ्ठी. चौघांनी कॉल केलाय, तुम्ही कॉल केला, दोन्ही ब्लाइंड आत. सात जण, पॉट 7 छोट्या बेट्स. फ्लॉप येतो: किलवर राजा, किलवर छक्की, चौकट नव्वी. दोन्ही ब्लाइंडनी चेक केलं, पहिल्या कॉलरने बेट लावली, तिघांनी कॉल केला. पॉट 11. बहुतेक जण इथे नुसता कॉल करतात, "अजून लागला नाहीये" म्हणून. रेझ करा. दोन पत्ते यायचे असताना 9 आउट्स सुमारे 35 टक्के वेळा लागतात. तुम्ही घातलेल्या जास्तीच्या एका बेटवर ते चौघे एकेक घालणार, म्हणजे पाच बेट्सवर 35 टक्के हक्क, 1.75. हातात काही नसताना ही बेट पाऊणपट नफा देते. दोन कॉलर असते तर तीनावर 35 टक्के, 1.05, म्हणजे कसंबसं बरोबरीत. एकटाच असता तर तोटा. म्हणजे रेझ करावा की नाही हे तुमच्या पत्त्यांपेक्षा किती जण मागे येणार यावर ठरलं.

दोन्ही ब्लाइंड गेले, चौघांनी कॉल केला, पॉट 17 छोट्या, म्हणजे साडेआठ मोठ्या बेट्स. टर्नवर बदाम तिर्री. तुम्ही रेझ केलेला असल्यामुळे सगळे चेक करून तुमच्याकडे बघतात. आता बेट लावायची? एकच पत्ता उरलाय, 46 पैकी 9, 19.6 टक्के. चौघांनी कॉल केला तरी पाच बेट्सवर हक्क 0.98. म्हणजे घातलेलं पुरतं परतही येत नाही. चेक करा आणि रिव्हर फुकट बघा. फ्लॉपवर जास्तीची एक छोटी बेट घातली होती, टर्नवरची एक मोठी बेट वाचली. रिव्हरला किलवर दुर्री आली. टेबलावर जोडी नाही, स्ट्रेट फ्लशची शक्यता नाही, किलवर एक्का तुमच्याकडे, म्हणजे याहून मोठा हात कोणाकडे असूच शकत नाही. बेट लावा, कोणी रेझ केला तर कॅप लागेपर्यंत परत रेझ करा. आणि किलवर आलंच नाही तर? समोरच्याने बेट लावली की पत्ते टाका, चौघांसमोर ब्लफ नको.

ब्लफचं गणितही याच धर्तीवर. पॉट 8 मोठ्या बेट्सचा, ब्लफला 1 लागते, म्हणजे नऊपैकी एकदा चालला तरी बरोबरी, सुमारे 11 टक्के. समोर तिघे असतील आणि प्रत्येक जण 40 टक्के वेळा पत्ते टाकत असेल, जे अशा टेबलावर जास्तच झालं, तरी तिघांनीही एकाच वेळी टाकण्याची शक्यता 6.4 टक्के. तोटा. समोर एकटाच असेल आणि तोही ड्रॉच्या (अजून न जमलेल्या फ्लश किंवा स्ट्रेटच्या) मागे धावत आलेला, तर तो पाचातून एकदा टाकतो एवढं पुरेसं आहे. "छोट्या लिमिटला ब्लफ कधीच करू नये" हा नियम म्हणून पूर्ण खरा नाही. एकावर क्वचित, दोघांवर जवळजवळ नाही, तिघांवर नाहीच, इतकं खरं.

आता जोडी वाचवण्याचा भाग, आणि इथे सगळ्यात जास्त बेट्स वाया जातात. फ्लॉपआधी रेझ झाला, सहा जण आत, पॉट 12 छोट्या बेट्स. तुमच्याकडे सर्वात मोठी जोडी. तुम्ही पहिल्या जागेवरून बेट लावलीत तर पुढच्याला 13 ला 1 भाव मिळतो. स्ट्रेटच्या मधला पत्ता शोधणाऱ्याला, 4 आउट्स, 10.75 ला 1 लागतो. लहान जोडीवाल्याला, 5 आउट्स, 8.4 ला 1. दोघांनाही कॉल करणं बरोबर आहे, तुम्ही कितीही ठामपणे बेट लावलीत तरी. पण बेट तुमच्या लगेच उजवीकडच्याने लावली आणि तुम्ही रेझ केलात, तर पुढच्याला 2 घालून 15 जिंकायचे आहेत, साडेसात ला 1. आता दोघांचाही कॉल सरळ हिशेबात चुकीचा. ते जातील असं नाही. पण राहिले तर चुकून राहतील, आणि तोच तर तुमचा नफा आहे. म्हणून बेट कुठून येणार याचा अंदाज घ्या. फ्लॉपआधी ज्याने रेझ केला तो तुमच्या डावीकडे लगेच बसला असेल आणि तो फ्लॉपवर हमखास बेट लावतो असं दिसलं असेल, तर तुम्ही बेट लावा, तो रेझ करेल, आणि मागच्यांना दोन बेट्स पडतील. तो तुमच्या उजवीकडे, सगळ्यात शेवटी बेट लावणारा असेल तर चेक-रेझ करा, म्हणजे आधी चेक, मग त्याच्या बेटवर रेझ. मधले सगळे दोन बेट्सच्या तोंडी येतात. ब्लाइंडमध्ये बसून चेक करायचं आणि मधल्या चौघांनी एकेक बेट घातल्यावर रेझ करायचा, हे सेटसाठी उत्तम, एकट्या जोडीसाठी निरुपयोगी. तोवर सगळ्यांना परत येण्याचा भाव मिळून चुकलेला असतो.

सेट किंवा स्ट्रेट लागल्यावर दडवून बसणं हा प्रकार इथे पूर्ण बंद करा. दडवायचं कोणापासून? ते कॉल करणारच आहेत.

रिव्हरला बेट न लावणं हा सभ्य दिसणारा तोटा आहे. सर्वात मोठी जोडी, बरा किकर, दोघांनी टर्नवर कॉल केलाय, रिव्हरला काही विशेष आलं नाही. घाबरून चेक केलं, दोघांनी चेक केलं, तुम्ही जिंकलात आणि सुटलो असं वाटलं. पण दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीनेही कॉल करणारे हे लोक आहेत. ती एक मोठी बेट तुम्ही टेबलावर सोडली. तासाला अशी एक सुटली तर वर्षभराचा चांगल्या खेळाडूचा नफा सुटला, कारण तो तासाला एक बेटच असतो.

उलट बाजूला, शांत माणसाने रिव्हरला रेझ केला तर एका जोडीने कॉल करू नका. लूज-पॅसिव्ह खेळाडू कॉल काहीही घेऊन करतो, पण रेझ करताना त्याच्याकडे दोन जोड्यांहून कमी क्वचितच असतं. पॉटमध्ये 12 बेट्स असतील तर तेरातून एकदा जिंकलात तरी कॉल परवडतो, हे गणित बरोबर आहे. पण दोन तास नुसता कॉल करत बसलेल्या माणसाविरुद्ध तेरातून एकदाही जिंकणं होत नाही. हाच हिशेब साध्या बेटसाठी मात्र तुमच्या बाजूने असतो: पॉटमध्ये 10 बेट्स, एकाच माणसाची बेट, हातात मधली जोडी, तर कॉल करा. अकरातून एकदा बरोबर ठरलात की भरपाई. मोठ्या पॉटमध्ये एक बेट वाचवायला जाऊन अख्खा पॉट सोडणं ही, फ्लॉपआधी नीट निवडून खेळणाऱ्यांची, खास चूक आहे.

इथवर लूज म्हणजे कॉल करणारे, असं धरलं. दर डावाला रेझ करणारा एखादा असेल तर टेबल बदलतं. तो तुमच्या उजवीकडे हवा, म्हणजे त्याचा रेझ आधी दिसतो आणि चांगल्या पत्त्यांवर लगेच पुन्हा रेझ करून त्याला एकटा पाडता येतो. तेव्हा मोठ्या जोड्या आणि एक्का-राजा, एक्का-राणी यांचा भाव वाढतो. नव्वी-अठ्ठी आणि लहान जोड्यांचा घटतो, कारण फ्लॉप बघायलाच तीन-चार बेट्स पडतात. तो डावीकडे असेल आणि जागा बदलता येत नसेल, तर नुसता कॉल करून आत शिरणं बंद करा. कॉल करणारे शांत खेळाडू डावीकडे असले तरी चालतात, ते तुम्हाला कधी कोंडीत पकडत नाहीत.

जाता जाता एक गोष्ट. 2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी सेफियस नावाच्या प्रोग्रामने दोघांमधला लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवल्याचं "सायन्स"मध्ये मांडलं. त्यावरून लिमिट आता संपला, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो शोध दोन खेळाडूंपुरता आहे. शिवाय तशी समतोल चाल कोणाकडून हरत नाही, पण समोरचा जे फुकट देतोय ते सगळं उचलतही नाही. सात लूज खेळाडूंसमोर समतोल साधायचा नसतो. मोठ्या हातावर सतत बेट लावायची आणि ब्लफ जवळजवळ सोडून द्यायचा, असं उघड एकांगी खेळायचं असतं.

आता किती रक्कम लागते. लिमिटमध्ये तासागणिक निकालाचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती वरखाली होतो ते) 10 मोठ्या बेट्सच्या आसपास धरतात. तासाला एक बेट जिंकणारा असेल तर 100 तासांत अपेक्षित नफा 100 बेट्स आणि विचलनही 100. म्हणजे उत्तम खेळूनही सहातून एकदा तो 100 तासांनंतर तोट्यात असतो. तासाला अर्धी बेट जिंकणारा जवळजवळ तीनातून एकदा. दिवाळं निघण्याची शक्यता 5 टक्क्यांवर ठेवायची असेल तर पहिल्याला सुमारे 150 मोठ्या बेट्स लागतात, दुसऱ्याला 300. शक्यता 1 टक्क्यावर आणायची तर 230 आणि 460. नफा निम्मा झाला की लागणारी रक्कम दुप्पट होते, आणि इथेही रेक दोनदा मारतो: एकदा कमाई कापून, एकदा गरज वाढवून. 300 बेट्सचा जुना ठोकताळा याच गणितातून आलाय. हरणाऱ्याला मात्र कोणतीही रक्कम पुरत नाही, हे सूत्रात आपोआप येतं. ही रक्कम घरखर्चापासून वेगळी ठेवावी लागते, नाहीतर टर्नवर लावायची बेट हात आखडून राहते.

आणि कमाई म्हणून बघायचं तर 2/4 वर तासाला एक बेट म्हणजे 4 चिपा. सगळं जमून आल्यावर. नफा आहे, पोटापाण्याचं साधन नाही.

नोंद ठेवा, पण योग्य गोष्टीची. 200 तासांनंतरही तुमच्या तासाच्या सरासरीत 0.7 बेटची चूक सहज असू शकते, म्हणून "मी जिंकतोय" किंवा "मी हरतोय" यावर तेवढ्यात निर्णय घेता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक बसण्यात चार आकडे लिहा: फ्लॉप सरासरी किती जण बघत होते, तुम्ही जिंकलेले पॉट आणि त्यांतून कापलं किती गेलं, रिव्हरला सुटलेल्या बेट्स, आणि मोठ्या पॉटमध्ये एका बेटसाठी टाकलेले पत्ते. हे दहा बसण्यांतच बोलू लागतात. फ्लॉप बघणारे तिघांवर आले, पॉट पाच मोठ्या बेट्सच्या आत संपू लागले आणि रेक मात्र तोच कापला जातोय असं दिसलं, की जागा सोडून दुसऱ्या टेबलासाठी नाव लावा.